वाइनमधला वास द्राक्षात कुठे असतो?

कॅबर्ने सॉव्हिन्यॉन या काळ्या द्राक्षाच्या वाइनचा ग्लास नाकाजवळ नेला की आधी काळ्या बेरींचा वास येतो आणि त्यामागून नुकत्याच चिरलेल्या ढोबळी मिरचीचा. हा भास नव्हे. मिरचीला ज्या रेणूमुळे तो हिरवा वास येतो, तोच मेथॉक्सिपायराझिन गटातला रेणू या द्राक्षाच्या सालीतही असतो. पाण्यात तो लिटरमागे जेमतेम २ नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. म्हणजे २५ लाख लिटरच्या तरणतलावाला ५ मिलिग्रॅम पुरे!

हा वास कॅबर्नेकडे वारशाने आला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत जॉन बॉवर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनएवरून तिचे आईबाप शोधले आणि १९९७ मध्ये ते जाहीर केले: काळं कॅबर्ने फ्राँ आणि पांढरं सॉव्हिन्यॉन ब्लाँ. दोघांतही हा रेणू आहे. घडांना भरपूर ऊन मिळालं की तो घटतो, म्हणून थंड हवेतल्या कॅबर्नेत मिरची जास्त जाणवते.

कॅबर्नेचा तुरटपणा मात्र टॅनिनचा. साल आणि बियांमधून येणारं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासल्यासारखी वाटते. मर्लो त्या मानाने मऊ, आलुबुखारासारखी. पातळ सालीच्या पिनो न्वारची वाइन फिकट, चेरी-स्ट्रॉबेरीकडे झुकणारी.

शिराझमध्ये काळी मिरी जाणवते, आणि तीही अगदी खरी. मिरीतलाच रोटंडोन हा रेणू तिच्यात असल्याचं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. गंमत अशी, की साधारण पाचातल्या एकाला हा वास जवळजवळ येतच नाही. एकाच बाटलीतली वाइन पिऊन एकजण ‘मिरी’ म्हणतो, दुसरा ‘नुसतं फळ’ म्हणतो, आणि दोघंही खरंच बोलत असतात. चवीवरून वाद घालण्यापूर्वी हे आठवावं.

मला सर्वांत नवल वाटतं ते सॉव्हिन्यॉन ब्लाँचं. मस्कटचं द्राक्ष तोंडात टाकलं की फुलांसारखा वास लगेच येतो, कारण तो फळात मोकळाच असतो. सॉव्हिन्यॉन ब्लाँच्या वाइनला पॅशनफ्रूटचा आणि ग्रेपफ्रूटचा घमघमाट असतो, पण तिच्या ताज्या रसात त्यातलं फारसं काही सापडत नाही. तो वास देणारे गंधकयुक्त थायोल रेणू रसात दुसऱ्या रेणूंना जखडलेले असतात. रस आंबवताना यीस्ट ती बेडी तोडतं आणि वास सुटतो. म्हणूनच यीस्टचा वाण बदलला की त्याच रसाची वाइन वेगळी लागते.

शार्दोनेचा स्वतःचा वास सौम्य: सफरचंद, थोडं लिंबू. ‘शार्दोने लोण्यासारखी लागते’ असं जे म्हणतात, ते लोणी जिवाणूंनी तयार केलेल्या डायअ‍ॅसेटिलचं आणि व्हॅनिला ओकच्या पिंपाचा. शार्दोने आवडत नाही म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना बहुधा पिंपच आवडलेलं नसतं. त्यांनी पिंपात न ठेवलेली एकदा घेऊन पाहावी.

आणि रीसलिंग? तरुणपणी ती लिंबासारखी आंबट आणि हिरव्या सफरचंदासारखी करकरीत असते. बाटलीत काही वर्षं गेली की तिला चक्क रॉकेलसारखा वास येऊ लागतो. बाटली बिघडलेली नसते. सालीतल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून द्राक्षात बनलेले बिनवासाचे रेणू वाइनच्या आम्लात सावकाश बदलत गेलेले असतात.