क्लच पेडलची ढिलाई

क्लच पेडलची ढिलाई : क्लचचे पेडल दाबताना पायाला दाब जाणवण्याआधी वाजवीपेक्षा जास्त अंतर रिकामे जाणे, पेडल आडवे डुलणे किंवा क्लच पकडण्याची जागा दर खेपेला बदलणे, या तिन्ही तक्रारींसाठी मिळून ही संज्ञा वापरतात. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतील गॅरेजांत ‘प्ले वाढलाय’ एवढे म्हटले की पुरते. थोडा प्ले, म्हणजे ही रिकामी चाल, मात्र असावाच लागतो. केबलच्या क्लचमध्ये तो अजिबात नसेल, तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवण्यासाठी दाब देणारे बेअरिंग) सतत दाबाखाली फिरते आणि प्लेट घसरू लागते.

साध्या गाडीत चालकाचा पाय अशा पेडलला सरावतो. जास्त ताकदीच्या किंवा रॅलीसाठी तयार केलेल्या गाडीत प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारा भाग) कडक असते आणि गियर झटपट बदलावे लागतात. तिथे क्लच कुठे सुटतो व कुठे लागतो हे पायाला नेमके ठाऊक नसेल, तर गियर खरखरतो. मारुतीच्या जिप्सी आणि एस्टीम या भारतीय रॅलींत गाजलेल्या गाड्या केबलच्या. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएससारख्या नंतरच्या गाड्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचच्या. या दोन्ही प्रकारांत ढिलाईची मुळे निराळी आणि उपायही निराळे.

संज्ञा : ‘ढिला’ हा शब्द संस्कृत शिथिल, प्राकृत सिढिल व ढिल्ल या वाटेने आला, याविषयी फारसा वाद नाही. ‘सढळ’ हाही त्याच मुळाचा शब्द मानतात. सढळ हाताचे कौतुक होते आणि ढिल्या हाताची निंदा होते, हा पुढचा अर्थभेद. मतभेद आहे तो कन्नडमधील ‘सडिल’ या समानार्थी शब्दाविषयी. तो मराठीच्या शेजारामुळे कन्नडमध्ये गेला असे काहींना वाटते. पण त्याचा कन्नडमधील व्यापक वापर पाहता तो शिथिलपासूनच स्वतंत्रपणे झालेला तद्भव असावा, हे मत अधिक ग्राह्य दिसते. सीमाभागातील कारागिराला या वादाचे सोयरसुतक नाही. मराठी गिऱ्हाईक असो वा कन्नड, दोघांशी बोलताना त्याच्या तोंडी ‘प्ले’ हाच इंग्रजी शब्द असतो. ‘मुक्त चाल’ हा पुस्तकी पर्याय पाठ्यपुस्तकापलीकडे गेलेला नाही. बेळगावी बोलीत ‘क्लच खाली पकडूलालाय’ (खाली पकडतोय) असे म्हणतात, आणि निदानासाठी ‘खाली’ (पेडल तळाजवळ असताना) व ‘वर’ (पेडल वर आल्यावर) हे दोन शब्द कोणत्याही परिभाषेपेक्षा उपयोगी आहेत (त्याचे कारण पुढे).

क्लचचा उगम : मोटारगाडीत क्लच प्रथम कोणी बसवला, याचे उत्तर क्लच कशाला म्हणावे यावर अवलंबून आहे. कार्ल बेंझच्या १८८५ च्या तीनचाकीत पट्टा मोकळ्या कप्पीवरून घट्ट कप्पीवर सरकवत. यालाच क्लच मानले तर मान बेंझकडे जातो. घर्षणाने पकडणारा आणि पायाने सोडता येणारा, अशी अट घातली तर पानार-लेव्हासोर या फ्रेंच कंपनीच्या १८९० च्या दशकातील गाड्यांचा दावा बळकट ठरतो. फ्रेंच परंपरेने पुढे हाच आराखडा रूढ केल्यामुळे दुसरी बाजू बहुधा अधिक टिकाऊ मानावी. त्या काळच्या शंक्वाकृती क्लचवर चामडे चढवलेले असे, ते तेलाने निसरडे होई आणि कोरडे पडले की धक्का देई. हर्बर्ट फ्रूड याने १८९७ मध्ये घर्षण-अस्तरांचा उद्योग सुरू केला. तोच पुढे ‘फेरोडो’ या नावाने ओळखला गेला. चामड्याची जागा घेणारी अस्तरे त्यानंतर सावकाश रुळली.

आजच्या पेडलच्या स्वभावाला जबाबदार आहे ती डायफ्राम स्प्रिंग, म्हणजे मधून फाकलेल्या बशीसारखी पोलादी चकती. तिचा मोटारींतील वापर अमेरिकेत जनरल मोटर्सने साधारण १९३० च्या दशकाच्या अखेरीस केला, असे सामान्यतः मानले जाते. युरोपात ती सार्वत्रिक करण्याचे श्रेय १९६५ मध्ये ब्यूल येथे स्थापन झालेल्या ‘लुक’ या जर्मन कंपनीला देण्याचा प्रघात आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असण्यास हरकत नाही. जुन्या वेटोळ्या स्प्रिंगांचा क्लच जितका दाबावा तितका जड होत जाई. डायफ्रामचा दाब मध्यापर्यंत वाढतो आणि मग ओसरतो. पेडल शेवटी ‘पडल्यासारखे’ वाटते ते बऱ्याचदा यामुळेच, त्याला ढिलाई समजू नये.

निदान : केबलच्या गाडीत क्लच प्लेट झिजली की प्ले वाढत नाही, कमी होतो. प्लेट पातळ झाल्याने डायफ्रामची बोटे (चकतीच्या मधल्या सुट्या पट्ट्या) बेअरिंगकडे सरकतात आणि क्लच वर पकडू लागतो. म्हणून ‘वर पकडतो’ म्हणजे बहुधा प्लेटची झीज. ‘खाली पकडतो’ म्हणजे पेडल ते फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा लिव्हर) या वाटेत कुठेतरी ढिलाई. हा साधा नियम ठाऊक नसल्याने ढिल्या पेडलपायी गियरपेटी उतरवून नवी प्लेट टाकली जाते आणि गाडी पूर्वीइतक्याच सैल पेडलनिशी परत येते. गिऱ्हाइकाच्या हाती जुनी, धडधाकट प्लेट कागदात गुंडाळून दिली जाते, हा त्यातला दुःखद विनोद.

खरी झीज असते ती सांध्यांत. पेडलचा लिव्हर पायाची चाल साधारण ५ ते ६ पटींनी कमी करून पुढे देतो. उलट दिशेने पाहिले तर पिनेच्या भोकातील १ मिमी झीज पायाखाली ५ ते ६ मिमी होऊन येते. पेडलच्या बैठकीतले प्लॅस्टिकचे बुश, (हायड्रॉलिक गाडीत) पेडलने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरच्या दांड्याची पिन आणि फोर्कचा टेकू अशा तीन जागी थोडेथोडे गेले तरी बोटभर रिकामी चाल सहज होते. वापरलेली पिन काढून पाहिली तर दोन्ही टोके मूळ जाडीची आणि मधोमध कंबर पडलेली दिसते. नखानेही ती पायरी लागते. भोकही गोल न राहता अंड्यासारखे लांबट झालेले असते. अशा वेळी नुसती पिन बदलून भागत नाही.

मोजणी बिनखर्चाची आहे. पोलादी पट्टी फरशीवर उभी धरून पेडलची उंची घ्यावी, मग तळहाताने (पायाने नव्हे) दाब लागेपर्यंत दाबून पुन्हा घ्यावी. फरक म्हणजे प्ले. केबलच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो १५ ते २५ मिमी चालतो. पण त्याआधी गालिचा उचलून पाहावा. पावसाळ्यात गालिच्यावर रबरी मॅट आणि तिच्यावर वॉशिंग सेंटरने अंथरलेले वर्तमानपत्र, असे थर साचले की पेडल तळापर्यंत जातच नाही. क्लच पूर्ण सुटत नाही आणि दोष भलत्याच भागावर येतो.

जुळवणी : केबलच्या गाडीत फोर्कच्या टोकाशी असलेला नट फिरवून प्ले घेतात, काम पाच मिनिटांचे आणि म्हणूनच मोहाचे. केबलचे तंतू आतून तुटत असतील किंवा पेडलचा ब्रॅकेट फायरवॉलपाशी (इंजिन व चालक यांच्यामधल्या पत्र्यापाशी) तडकला असेल, तर नट फिरवल्याने तक्रार महिनाभर झाकली जाते, इतकेच. कडक प्रेशर प्लेट टाकलेल्या जुन्या गाड्यांत फायरवॉलचा पत्राच लवतो. एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून केबलची बैठक पाहावी. पत्रा लवताना डोळ्यांना दिसतो.

हायड्रॉलिक प्रकारात प्लेटच्या झिजेची भरपाई बहुधा आपोआप होते. जुळवायचा राहतो तो मास्टर सिलेंडरला ढकलणारा दांडा. त्याला सुमारे १ मिमी मोकळीक ठेवणे अत्यावश्यक आहे. सगळी ढिलाई काढण्याच्या नादात दांडा जास्त लांब केला, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे तेल परत जाण्याचे बारीक छिद्र बंद राहते, गरम तेलाचा दाब अडकतो, क्लच घसरतो आणि चढावर इंजिन नुसते ओरडते. पेडलची उंची बदलल्यास क्लच स्विचही (क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारा) सरकवावा, नाहीतर काही गाड्या सुरूच होत नाहीत.

पेडल स्पंजासारखे लागत असेल आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे. ‘एअर काढणे’ हाच उपाय. पेडल दाबून ठेवल्यावर हळूहळू बुडत असेल तर मास्टर किंवा (फोर्ककडच्या) स्लेव्ह सिलेंडरचे रबर गेले असे समजावे.

सुधारणा : बाजारात ‘अपग्रेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी पेडलच्या बैठकीतले धातूचे बुश सर्वांत गुणकारी. बेळगावच्या खानापूर रोडवरील उद्यमबाग ही फौंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सची वसाहत असल्याने इथल्या मालकाला ते परदेशातून मागवावे लागत नाही. नमुन्याची पिन आणि जुने बुश लेथवाल्याकडे नेले की गनमेटलचे बुश कातून मिळते. भोक रीमरने गोल करून घ्यायला मात्र विसरू नये, आणि ग्रीसची खाच मागून घ्यावी.

मोठा मास्टर सिलेंडर हा दुसरा उपाय. ५/८ इंचाच्या जागी ११/१६ इंची टाकल्यास पिस्टनचे क्षेत्रफळ २१ टक्के वाढते. क्लच सुमारे १७ टक्के कमी चालीत सुटतो, पण पायाला जोर २१ टक्के जास्त लागतो. पोलादी जाळीचा होज घेण्याकडे तरुणांचा ओढा असतो. जुना रबरी होज फुगत असेल तर फरक पडतो, चांगल्या होजच्या जागी लावल्यास तो फारसा जाणवत नाही. बीएमडब्ल्यूच्या काही गाड्यांत तेलाचा परतीचा वेग कमी करणारा व्हॉल्व्ह असतो, तर सुबारू डब्ल्यूआरएक्स आणि मस्टँगमध्ये पेडलला मदतीची स्प्रिंग असते. हे भाग काढल्यास किंवा बदलल्यास पकड कुठे लागते ते स्पष्ट कळते. व्हॉल्व्ह काढल्यावर मात्र क्लच झटक्याने सोडला की त्याचा मार गियरपेटीला बसतो.

प्रदेशवैशिष्ट्ये : बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला मार्गे गोव्याला उतरणारा रस्ता आणि खानापूर, लोंढा, अनमोड हा दुसरा मार्ग, दोन्हींवर दुसरा-तिसरा गियर सतत बदलावा लागतो. मलप्रभेचे उगमस्थान असलेल्या कणकुंबी परिसरात पाऊस मुसळधार असतो. क्लचला वापरले जाणारे डॉट ३ व डॉट ४ तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २०५ अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर १४०. डॉट ४ चा अनुक्रमे २३० व १५५. म्हणून पावसाळा संपल्यावर, दोन वर्षांतून एकदा तरी, तेल बदलणे इष्ट. टाकीतले तेल चहासारखे काळपट दिसले तर मुदतीची वाट पाहू नये. खानापूरकडची तांबडी धूळ ग्रीसमध्ये मिसळून फोर्कच्या टेकूवर घासण्याच्या लेपासारखी वागते.

कारवारकडे खाऱ्या हवेने केबलचे टोक व पिना गंजतात, त्यामुळे तिथे पेडल ढिले होण्याआधी बऱ्याचदा जड होते. बिदर, भालकी भाग पठारी असल्याने क्लचवरचा ताण मुख्यतः शहरी रहदारीचा.