रुची

रुची : (चव, रस). लाळेत विरघळलेल्या पदार्थांची जिभेवरील व घशातील विशिष्ट पेशींद्वारे होणारी संवेदना. व्यवहारात ‘चव’ हा शब्द याहून पुष्कळ सैल आहे. त्यात वास, तिखटपणा, ऊनगारपणा, कुरकुरीतपणा असे सगळेच येते. नाक चिमटीत धरून कॉफीचा घोट घेतला, तर कडवटपणा आणि थोडा आंबूसपणा एवढेच कळते. चिमटी सोडून श्वास बाहेर टाकला, की कॉफी ‘लागते’. घशामागून नाकात चढणारा हा वास आपण जिभेच्या खात्यावर मांडतो. सर्दीत ‘तोंडाला चव नाही’ म्हणतात, तेव्हा जीभ बहुधा धडधाकटच असते.

जीभ खरखरीत लागते ती तिच्यावरील बारीक उंचवट्यांमुळे. त्यांना अंकुरक म्हणतात. सर्वांत जास्त संख्येने असणाऱ्या तंतुरूप अंकुरकांचा रुचीशी संबंध नाही. आरशात जिभेच्या टोकाकडे पाहिल्यास तांबूस ठिपक्यांसारखे दिसणारे छत्राकार अंकुरक, कडांवरच्या घड्या आणि जिभेच्या मुळाशी उलट्या ‘व्ही’ अक्षराच्या आकारात बसलेले मोठे अंकुरक या तिन्ही ठिकाणी रुचिकलिका (रुची ओळखणाऱ्या पेशींचे गुच्छ) असतात. श्वाल्बे व लोव्हेन या शास्त्रज्ञांनी 1867 मध्ये स्वतंत्रपणे त्यांचे वर्णन केले. एका कलिकेत साधारण 50 ते 100 पेशी असतात व त्यांपैकी बहुतेक सुमारे 10 दिवसांत बदलल्या जातात. त्यामुळे चहाने पोळलेली जीभ आठवड्याभरात ताळ्यावर येते. संवेदना सातव्या, नवव्या व दहाव्या मस्तिष्क तंत्रिकांमार्फत (मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंमार्फत) लंबमज्जेत (मेंदूच्या तळाच्या भागात) आणि तेथून थॅलॅमस या मेंदूतील केंद्रामार्गे प्रमस्तिष्काच्या बाह्यकात (मोठ्या मेंदूच्या बाहेरील थरात) पोहोचते.

टोकावर गोड, कडांवर खारट व आंबट, मुळाशी कडू हा जिभेचा नकाशा शालेय पुस्तकांतून अजूनही पूर्णपणे गेलेला नाही. त्याचे मूळ जर्मन संशोधक हेनिग यांच्या 1901 मधील निबंधात आहे. त्यांनी जिभेच्या कडेने निरनिराळे द्राव ठेवून कोठे किती कमी प्रमाण ओळखू येते ते मोजले. फरक आढळले, पण ते अल्प होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांनी 1942 मध्ये ही निरीक्षणे आलेखाच्या रूपात मांडली; त्यात उभ्या अक्षावर अर्थपूर्ण परिमाण नव्हते, आणि ‘थोडी कमी संवेदना’ म्हणजे ‘संवेदनाच नाही’ असा वाचकांचा समज झाला. व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी 1974 मध्ये प्रयोग पुन्हा केले, तेव्हाही फरक किरकोळच निघाले. चूक मोजणीपेक्षा चित्रात होती, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

मूळ रुची किती, हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटल गोड व कडू ही दोन टोके मानून इतर रुची त्यांच्यामध्ये बसवतो. चरकसंहितेच्या (आयुर्वेदाचा प्राचीन ग्रंथ; काल अनिश्चित, इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक असा सर्वसाधारण अंदाज, नंतरचे संस्करण वेगळे) सूत्रस्थानातील 26 व्या अध्यायात तर यावर ऋषींची परिषदच भरलेली दिसते. भद्रकाप्याच्या मते रस एकच. पुढे कोणी दोन, कोणी तीन असे करत निमी सातवर, बडिश आठवर जातो आणि कांकायन रस अगणित आहेत असे सांगतो. ग्रंथातील मुख्य आचार्य आत्रेय मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त व कषाय हे सहा कायम करतो. यातील ‘कटू’ म्हणजे तिखट व ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत मात्र ‘कटू’पासून आलेला ‘कडू’ अर्थ बदलून बसला आहे, त्यामुळे जुनी भाषांतरे जपून वाचावी लागतात.

आत्रेयाने सातव्या रसाचा, म्हणजे क्षाराचा (अल्कलीचा), दावा ज्या कारणांनी फेटाळला त्यांतले एक आजही लक्षणीय वाटते : क्षार हा एकाहून अधिक इंद्रियांचा विषय आहे, म्हणून तो रस नव्हे. हाच निकष कटूला लावला असता, तर सहाचे पाच झाले असते. मिरचीतील कॅप्सायसिन रुचिकलिकांवर नव्हे, तर सुमारे 43 अंश सेल्सियसच्या वर जागृत होणाऱ्या वेदना-उष्णता ग्राहीवर (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनावर) काम करते; म्हणून ती डोळ्यांनाही झोंबते. तुरटपणाबद्दल एकमत नाही. टॅनिनांमुळे (चहा, सुपारी यांतील तुरट द्रव्यांमुळे) लाळेतील प्रथिने साकळून तोंडाला कोरड पडल्यासारखे होते, तेव्हा तो स्पर्श मानणे बहुतेकांना पटते.

आधुनिक यादीत गोड, आंबट, खारट, कडू व उमामी (मांसरसासारखी भरीव चव) या पाच रुची येतात. उमामीची कल्पना किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्रशैवालाच्या अर्कातील ग्लुटामेटवरून मांडली. 2000 सालानंतर तिचे ग्राही ओळखले गेल्यावर जुना विरोध मावळला. कडूसाठी माणसात सुमारे 25 ग्राही आहेत, तर गोडासाठी मुख्यतः एकच, दोन प्रथिनांची जोडी. क्विनीन हे कडू औषध साखरेच्या तुलनेत हजारपटीहून अधिक विरल असतानाही कळते. विषारी वनस्पतिद्रव्ये बहुधा कडू असतात, हे त्याचे कारण मानतात. मेदाम्लांची (तेल-तुपातील आम्लांची) सहावी रुची सुचवली गेली आहे. तिचे वर्णन वाचता ती लोण्याची स्निग्धता नसून मराठीत ज्याला ‘खवट’ म्हणतात तीच असावी असे दिसते. खवटला शब्द आहे, उमामीला नाही. उलट ‘अळणी’, ‘अगोड’ असे उणीव सांगणारे शब्द भाषेने जपले आहेत.

सर्वांची जीभ सारखी नसते. फिनिलथायोकार्बमाइड या रसायनाची पूड प्रयोगशाळेत उडाली असता सहकाऱ्याला ती कडू लागली व स्वतःला लागली नाही, यावरून रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांना 1931 च्या सुमारास आनुवंशिक रुचिभेदाचा शोध लागला. संबंधित जनुक 2003 मध्ये निश्चित झाले. मांजरात गोडाच्या ग्राहीचे एक जनुक निकामी आहे.

चाखण्याच्या व्यावसायिक पद्धतींत घोट सुर्रकन ओढणे (द्रव हवेत मिसळून वास नाकाकडे जावा म्हणून), तोंडात फिरवणे व बहुधा थुंकून टाकणे हे क्रम सामान्य आहेत. चहासाठी आंतरराष्ट्रीय मानक 3103 नुसार 100 मिलिलिटर पाण्यास 2 ग्रॅम पत्ती व 6 मिनिटे मुरवणे ठरलेले आहे. उद्देश चांगला चहा करणे हा नसून तुलना करणे हा आहे. त्रिकोण चाचणीत तीन नमुन्यांपैकी दोन सारखे असतात व वेगळा ओळखायचा असतो. नुसत्या अंदाजाने तो तीनांत एकदा साधतो. पांढऱ्या वाइनला लाल रंग दिल्यावर परीक्षकांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केल्याचा 2001 मधील फ्रेंच प्रयोग प्रसिद्ध आहे. नमुन्यांतील रंगभेद लपवायचा असल्यास परीक्षणकक्षात तांबडा दिवा लावतात.