मराठी नवसाहित्य छापलं कोणी?

मराठी नवसाहित्याचा, म्हणजे चाळीसच्या दशकात जुन्या वळणाची कविता-कथा सोडून निघालेल्या लेखनाचा, पत्ता विचारला की बहुतेक जण गिरगावातली खटाववाडी सांगतात. मौज प्रकाशन, ‘सत्यकथा’ मासिक, श्री. पु. भागवत. पत्ता चुकीचा नाही, पण अर्धा आहे. त्याआधी बडोद्याला उतरावं लागतं. पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांनी १९४३ साली तिथून ‘अभिरुची’ हे मासिक सुरू केलं. ऐन महायुद्धाचा काळ, कागद मिळायची मारामार, आणि मराठी साहित्याची सगळी वजनदार माणसं पुण्या-मुंबईत बसलेली. अशा वेळी संस्थानी बडोद्यातून निघणाऱ्या या मासिकाने नव्या लोकांना जागा दिली. मर्ढेकरांच्या ज्या कवितांनी वाचक हादरले, त्यांतल्या काही ‘अभिरुची’ने छापल्या. पु. ल. देशपांड्यांचं ‘भैय्या नागपूरकर’ही तिथेच आलं. संपादकांच्या घरात एक मुलगा वाढत होता. तो हे सगळं पाहत होता, आणि पुढे त्यानेच ‘सत्यकथे’च्या बाहेर नवी वाट काढणाऱ्यांत आपलं नाव घातलं. त्या दिलीप चित्र्यांकडे नंतर येऊ.

नवसाहित्याचा इतिहास आपण एरवी कवी-लेखकांच्या नावांनी सांगतो. माझ्या मते तो मासिकांच्या नावांनी जास्त नीट सांगता येतो. काय लिहिलं गेलं याइतकाच ते छापायला कोण तयार झालं हा प्रश्न या गोष्टीत महत्त्वाचा आहे. दर पंधरा-वीस वर्षांनी छापणाऱ्यांची जागा बदलली आणि तिच्यासोबत साहित्यही बदललं.

आधीचं चित्र थोडक्यात. केशवसुतांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी कवितेला नवं वळण दिलं. त्यानंतर १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ जमलं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश यांनी कविता लोकप्रिय केली, ती गाऊन म्हणायची पद्धत रुजवली, आणि हळूहळू ती गुळगुळीतही झाली. गद्यात फडके आणि खांडेकर यांचं राज्य होतं. एकाकडे तंत्र, दुसऱ्याकडे ध्येयवाद. दोघेही प्रचंड वाचले जात. मात्र दोघांच्याही कथेतला माणूस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतःला ओळखून असतो. नव्या लेखकांना नेमकं हेच खोटं वाटू लागलं.

बाळ सीताराम मर्ढेकर यांचा जन्म १९०९ सालचा, खानदेशातल्या फैजपूरचा. आयसीएस व्हायला ते १९२९ साली इंग्लंडला गेले आणि ती परीक्षा पदरात न पडता परतले. युरोपात तोवर एलियटची ‘द वेस्ट लँड’ आणि जॉइसची ‘युलिसिस’ येऊन सात वर्षं झाली होती, दोन्ही १९२२ सालच्या. त्या हवेत काही वर्षं राहून आलेल्या या तरुणाचा पहिला संग्रह मात्र ‘शिशिरागम’. तो १९३९ साली आला आणि बालकवी, माधव ज्यूलियन यांच्या सावलीतून अजून पुरता बाहेर पडलेला नव्हता. म्हणजे नवता इंग्लंडहून ट्रंकेत घालून आणली, असं जे सैलपणे म्हटलं जातं ते तारखांना धरून नाही. ‘शिशिरागम’ आणि ‘काही कविता’ (१९४७) यांच्यामधली आठ वर्षं बघावी. या काळात मर्ढेकर आकाशवाणीच्या नोकरीत होते. मुंबईत रेशनिंग आलं, बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या आल्या, १९४४च्या एप्रिलमध्ये गोदीत स्फोट होऊन शहराचा एक भाग उद्ध्वस्त झाला, १९४६ साली नौसैनिकांनी बंड केलं. गिरण्यांचे भोंगे आणि लोकलची गर्दी आधीपासून होतीच. कवितेत ती आली नव्हती, एवढंच.

‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ ही कविता आज शाळा-कॉलेजातल्या मुलांनाही नावाने माहीत असते. तिच्या आशयावर ढीगभर लिहिलं गेलं आहे. मला तिचा छंद जास्त अस्वस्थ करतो. ओळ म्हणून बघा: आठ मात्रा, पुन्हा आठ मात्रा. हा पादाकुलक. मराठी कानाला सवयीचा, ठेका धरायला लावणारा. त्या ठेक्यावर मेलेले उंदीर, पडलेल्या माना, सक्तीचं जगणं आणि सक्तीचं मरण. मुक्तछंदात हेच लिहिलं असतं तर लोक ‘असेल काहीतरी नवं’ म्हणून पुढे गेले असते. ओळखीच्या चालीत अनोळखी गोष्ट आली म्हणून ती लागली.

तीच गोष्ट संतांची. ओवी आणि अभंगाचे साचे मर्ढेकरांनी उचलले आणि त्यांत चहा, बिडी, पंक्चर, मुंगी असा ऐवज भरला. वाचकांना वाटलं हे विडंबन आहे. काही ठिकाणी ते आहेही. पण ‘भंगु दे काठिन्य माझे’ म्हणणारा कवी थट्टा करत नव्हता. त्याने जवळच्या पिढीशी भांडण काढलं आणि तुकाराम-रामदासांशी नातं जोडलं. मराठी नवकवितेचा हा विशेष पुढच्या प्रत्येक लाटेत दिसतो. कोलटकर, चित्रे, नेमाडे हे सगळे तुकारामाकडे गेले. पुण्याच्या कवितेला वळसा घालून देहूला जायची ही वाट मर्ढेकरांनीच आधी पाडली.

‘काही कविता’ आल्यावर दोन आरोप झाले, दुर्बोधतेचा आणि अश्लीलतेचा. पहिल्याचा निकाल समीक्षकांनी लावायचा होता, दुसऱ्याचा कोर्टाने. १९४८ साली सरकारने खटला भरला. कवी स्वतः सरकारी नभोवाणीत नोकरीला! स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटत नाही तोच हे झालं. मर्ढेकर १९५२ साली निर्दोष सुटले. मधल्या काळात ‘आणखी काही कविता’ (१९५१) येऊन गेल्या होत्या. दुर्बोध आणि अश्लील हे आरोप एकाच पुस्तकावर एकाच वेळी कसे होऊ शकतात, हे मला कधी उलगडलं नाही. ज्याचा अर्थच लागत नाही त्याने माणूस बिघडणार कसा?

मर्ढेकरांनी कादंबरीतही हात घातला. ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) ही मराठीतली संज्ञाप्रवाही, म्हणजे पात्राच्या मनातला विचारांचा ओघ तसाच मांडणाऱ्या, कादंबरीची पहिली ठाम धडपड म्हणता येईल. आज ती फारसं कोणी वाचत नाही, आणि खरं सांगायचं तर ती वाचायला जडही जाते. त्यांचं सौंदर्यशास्त्र मात्र टिकलं, किंबहुना कवितेपेक्षा जास्त दरारा त्यानेच निर्माण केला. संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तत्त्वांवर कलाकृती उभी असते, तिचं मोजमाप बोध किंवा उपयोग यांनी करायचं नाही, असा त्यांचा आग्रह. ‘सौंदर्य आणि साहित्य’ला १९५६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मार्चमध्ये दिल्लीत ते वारले, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी.

आता खटाववाडी. ‘सत्यकथा’ निघालं १९३३ साली, पण त्याला जे रूप आपण ओळखतो ते चाळीसच्या दशकात श्री. पु. भागवतांनी दिलं. पुढे राम पटवर्धन त्यांच्या जोडीला आले. या संपादकांनी मराठीत एक अजब शिस्त आणली: कथा आली की ती वाचायची, तिच्यातलं काय जमलं नाही ते लेखकाला पत्राने सविस्तर कळवायचं, पुन्हा लिहून मागायची. खेड्यातल्या अनोळखी शिक्षकालाही पानभर पत्र जाई. आजच्या संपादकांकडून कोणी अशी अपेक्षा करणार नाही.

नवकथा इथेच वाढली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर ही चार नावं एका दमात घेतली जातात, जणू ते एका शाळेतले विद्यार्थी होते. प्रत्यक्षात त्यांच्यात साम्य फार थोडं. गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक, शहरी मध्यमवर्गाच्या मनातली चलबिचल टिपणारे. गोखले कृषिशास्त्राचे, एकेका पात्रावर, बहुधा एकेका स्त्रीवर, कथा तोलून धरणारे. भावे हिंदुत्ववादी, भाषा पेटती. माडगूळकर माणदेशातून आलेले, बेचाळीसच्या चळवळीत शाळा सुटलेली. त्यांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये (१९४९) खेडं पहिल्यांदा शहराच्या दयेशिवाय उभं राहिलं. या चौघांना बांधणारा धागा एकच: गोष्टीला कलाटणी देऊन वाचकाला खूश करायचं त्यांनी सोडलं. काय घडलं यापेक्षा कोणाच्या मनात काय हललं, इकडे लक्ष गेलं. धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी नंतर आले. त्यांचा ‘निळासावळा’ १९५९चा. जी. ए. कुठल्याच टोळीत बसत नाहीत, म्हणून त्यांना इथे कोंबत नाही.

कवितेत विंदा करंदीकर आणि शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मर्ढेकरांची भाषा घेतली पण त्यांची निराशा घेतली नाही. ‘स्वेदगंगा’ आणि ‘नवी मळवाट’ दोन्ही १९४९चे. मार्क्सकडून आलेल्या या कवींना शुद्ध सौंदर्यवाद पटणं शक्यच नव्हतं. शरच्चंद्र हे हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध यांचे धाकटे भाऊ. एका मराठी घरातल्या दोन भावांनी दोन भाषांत नवकविता घडवली, याबद्दल मराठीत फारसं बोललं जात नाही.

पन्नाशीच्या मध्यापर्यंत ‘सत्यकथा’ ही मान्यतेची मोहोर झाली होती. तिथे छापून येणं म्हणजे लेखक होणं, तिथून ‘साभार परत’ येणं म्हणजे अजून न होणं. कुठलीही चांगली संस्था मोठी झाली की जे होतं तेच झालं. शिस्तीची रीत झाली, रीतीचा साचा.

साचा मोडला तो सायक्लोस्टाइल यंत्राने. स्टेन्सिल कापायची, शाई लावायची, हँडल फिरवायचं. छापखाना नको, भांडवल नको, आणि मुख्य म्हणजे संपादकाची परवानगी नको. १९५५ साली मुंबईत रमेश समर्थ, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि मित्रमंडळींनी ‘शब्द’ काढलं. ‘अभिरुची’च्या संपादकांचा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचाही नव्हता. यांतल्या काहींच्या कविता ‘सत्यकथे’तही येत, त्यामुळे नाकारलेल्यांचा राग एवढंच त्यामागे होतं असं म्हणता येत नाही. त्यांना दुसऱ्याने घासून दिलेलं स्वतःचं लिखाण नको होतं.

साठच्या दशकात ही अनियतकालिकं, म्हणजे ठरलेल्या वेळी न निघणारी छोटी मासिकं, पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली: ‘अथर्व’, ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’. दोन-चार अंक निघत, पैसे संपत, दुसरं नाव घेऊन तीच माणसं पुन्हा उभी राहत. या सगळ्यांच्या मध्यभागी अशोक शहाणे. १९६३ साली ‘मनोहर’ मासिकात त्यांनी आजकालच्या मराठी साहित्यावर ‘क्ष-किरण’ टाकला आणि बहुतेक प्रतिष्ठितांचे सांगाडे दाखवून दिले. भालचंद्र नेमाडे औरंगाबादहून ‘वाचा’ काढत. ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ हा त्यांचा लेख त्याच वातावरणातला. ‘लेखकराव’ हा शब्द तेव्हापासून मराठीत राहिला आहे. आणि १९६३ सालीच ‘कोसला’ आली, ती मात्र पुण्याच्या रा. ज. देशमुखांकडून. खानदेशातल्या सांगवीहून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर काही कमावत नाही, काही शिकत नाही, आणि शेवटी गावी परततो. त्याचं बोलणं पुण्यातल्या पुस्तकी गद्याला अजिबात जुमानत नाही. मर्ढेकरांनी कवितेत जे केलं ते कादंबरीत नेमाड्यांनी सोळा वर्षांनी केलं.

१९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. ढाले यांचा ‘सत्यकथेची सत्यकथा’ हा लेख गाजला. मासिक जाळणं मला व्यक्तिशः पटत नाही, आणि ज्या मासिकाने मराठी कथेला उभं केलं त्याच्या वाट्याला ते यावं याची चुटपुट वाटते. पण जाळणाऱ्यांचा मुद्दा नुसता आकसाचा नव्हता. नवसाहित्याने माणसाच्या मनाच्या कानाकोपऱ्यात दिवा नेला होता. ते मन बहुतेक वेळा कोणाचं असे? फ्लॅट किंवा चाळीत राहणाऱ्या, नोकरी असलेल्या, सवर्ण माणसाचं. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रहसुद्धा १९६३चाच, ‘कोसला’च्या वर्षीचा. नवकथेच्या चर्चेत त्याला किती ओळी मिळाल्या, हे त्या काळचे समीक्षाग्रंथ चाळून पाहावं.

त्यानंतर छापणारे पुन्हा बदलले. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ १९६७ पासून निघत होतं. १५ ऑगस्ट १९७२च्या ‘साधना’च्या विशेषांकातल्या ढाले यांच्या लेखाने महाराष्ट्र ढवळून निघाला. त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचं ‘गोलपिठा’ आलं, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. मर्ढेकरांनी मुंबई पाहिली ती बहुधा खिडकीतून. ढसाळांची मुंबई कामाठीपुऱ्यातली, आतून आलेली. तिथल्या बोलीतले शब्द तेंडुलकरांसारख्या मुरलेल्या लेखकालाही विचारून घ्यावे लागले. अश्लीलतेचा मुद्दा इथे पुन्हा निघाला, पण पंचवीस वर्षांपूर्वीचा खटला आता हास्यास्पद वाटावा इतकी भाषा पुढे गेली होती.

शहाण्यांनी १९७६ साली ‘प्रास प्रकाशन’ सुरू केलं. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ साली तिथून निघाल्या, वीसेक वर्षांच्या लेखनाचं पहिलं मराठी पुस्तक. याच वर्षी कोलटकरांच्या इंग्रजी ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. मराठी संग्रहात ‘मैं मॅनेजर को बोला’सारखी कविता आहे, जी मराठीही नाही आणि हिंदीही नाही. ती मुंबईची आहे. कुठल्याही मासिकाच्या टेबलावर ती ‘भाषा तपासा’ असा शेरा घेऊन परत आली असती.

‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं. कोलटकरांनी पुढचे मराठी संग्रह पंचवीसेक वर्षं काढलेच नाहीत. ‘भिजकी वही’ २००३ साली आली, ‘प्रास’कडूनच. सप्टेंबर २००४मध्ये ते गेले आणि २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या वहीला त्यांच्या पश्चात मिळाला.