सुतक नसलेलं दुःख

७ जुलै २००९ची रात्र. साडेदहा वाजून गेले होते, आई दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी गवार मोडत बसली होती आणि टीव्हीवर लॉस एंजेलिसचं स्टेपल्स सेंटर हे भलंमोठं सभागृह दिसत होतं. तिथे सकाळ होती. गायक मायकल जॅक्सनला जाऊन बारा दिवस झाले होते आणि त्याच्या श्रद्धांजली सभेचं थेट प्रक्षेपण सुरू होतं. लाल फुलांनी झाकलेली सोनेरी शवपेटी आत आली. सोबतच्या भावांनी एकेका हातात पांढरा चमचमता मोजा घातला होता, त्याच्यासारखा. आईने मान वर करून विचारलं, “सोनाली बेंद्रेने विमानतळावर ओवाळलं होतं, तोच ना हा?”

तोच. १ नोव्हेंबर १९९६ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात गाऊन गेलेला.

त्या रात्री आम्ही दोघंही रडलो, पण वेगवेगळ्या क्षणी. मी सुरुवातीलाच, गायिका मराया कॅरीचा आवाज गाता गाता कापला तेव्हा. आई अगदी शेवटी. तेव्हा मला माझ्या रडण्याची लाज वाटली होती. ज्याला कधी भेटलो नाही, ज्याला आपण आहोत हेही माहीत नव्हतं, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी का यावं? पुढे या विषयावरचं संशोधन वाचत गेलो आणि ती लाज हळूहळू गेली.

आपली भाषाच बघा. लता गायली, सचिन खेळला, मायकल गेला. शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकांना आपण अहो-जाहो करतो आणि ज्यांचा उंबरा कधी ओलांडला नाही त्यांना थेट एकेरीत बोलावतो. उद्धटपणाने नव्हे, घरच्या माणसासारखं. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी या जवळिकीला ‘पॅरासोशल’ असं नाव दिलं. टीव्ही तेव्हा नवा होता. कॅमेऱ्यात बघून बोलणारा निवेदक जणू आपल्याशीच बोलतोय असं प्रेक्षकांना वाटतं आणि रोजच्या भेटीतून खरोखरीची ओळख तयार होते, फक्त ती एका बाजूची असते, हे त्यांनी मांडलं.

मेंदूत ही ओळख कशी दिसते? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाची गोष्ट मला फार आवडते. अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत, झटके नेमके कुठून सुरू होतात ते शोधण्यासाठी, डॉक्टरांनी केसासारख्या बारीक तारा बसवल्या होत्या. त्या असेपर्यंत रुग्णांना अनेक छायाचित्रं दाखवली गेली. एका रुग्णाच्या मेंदूतली एक पेशी जेनिफर ॲनिस्टन या अभिनेत्रीचे वेगवेगळे फोटो दिसले की उद्दीपित व्हायची, इतर चेहऱ्यांना जवळजवळ गप्प. दुसऱ्या एका रुग्णातली पेशी हॅली बेरीच्या फोटोंना तर प्रतिसाद द्यायचीच, पण तिचं नुसतं लिहिलेलं नाव वाचलं तरी द्यायची. म्हणजे पडद्यावरच्या माणसालाही आपल्या स्मृतीत जागा मिळते. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की स्वतःच्या आणि घरच्या माणसांच्या फोटोंना अशा पेशी अधिक वेळा प्रतिसाद देतात. तेव्हा सगळे सारखे नाहीत, आप्तांचं पारडं जडच. पण पडद्यावरून आलेल्यांसाठी मेंदूत वेगळी ओसरी नाही, त्यांची ऊठबस त्याच घरात.

त्यात गाण्याची भर पडली की धागा आणखी घट्ट होतो. आवडत्या गाण्यात अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूच्या बक्षीस-यंत्रणेत, म्हणजे सुखाची जाणीव देणाऱ्या भागांत, डोपामाइन हे रसायन स्रवतं, हे २०११ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं. शिवाय दहा ते तीस या वयातल्या आठवणी आयुष्यभर इतरांपेक्षा ठळक राहतात. कॅसेट उलटी करून पुन्हा ऐकण्याचं वय नेमकं तेच. मी मायकलसाठी रडलो, त्यात त्या वयातला मीही थोडा होतोच.

आता गायकांच्या गळ्याकडे वळू, कारण त्या दिवशी सगळं तिथेच अडत होतं. गाणं म्हणता म्हणता गायक अशर शवपेटीपाशी गेला, तिच्यावर हात ठेवला आणि शेवटी त्याला हुंदका आवरेना. मराठीत आपण म्हणतो, आवंढा आला. शब्द चपखल आहे. तीव्र भावनेत शरीर संकटाची तयारी करतं आणि हवा जास्त मिळावी म्हणून कंठद्वार, म्हणजे स्वरतंतूंमधली फट, उघडं ठेवू बघतं. गिळायला मात्र ते मिटावंच लागतं. या ओढाताणीत स्नायू ताठरतात आणि घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं. सूर लावायचा तर स्वरतंतूंचा ताण सूक्ष्मपणे कमीजास्त करावा लागतो, आणि नेमका तोच ताबा सुटतो. त्या क्षणी रियाज कामाला येत नाही.

आईचं रडणं वेगळं होतं. तिची मायकलशी ओळख त्या एका ओवाळण्यापुरती. मध्यरात्र उलटून गेली होती, सगळं कुटुंब मंचावर जमलं होतं, आणि त्याची अकरा वर्षांची मुलगी पॅरिस माइकपाशी आली. आत्याने माइक तिच्या उंचीला आणून दिला. माझे बाबा सर्वांत छान बाबा होते, माझं त्यांच्यावर खूप प्रेम आहे, एवढंच ती बोलली आणि आत्याच्या कुशीत शिरली. गवारीची परात बाजूला सारून आईने पदर डोळ्यांना लावला.

इथे ओळख लागत नाही, दुसऱ्याचे अश्रू पुरतात. त्याच वर्षी, २००९मध्ये, रॉबर्ट प्रोव्हाइन आणि सहकाऱ्यांचा एक साधा, सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. रडणाऱ्या माणसांचे फोटो घ्यायचे आणि संगणकावर त्यांतले फक्त अश्रू पुसून टाकायचे. अश्रू गेले की तेच चेहरे लोकांना कमी दुःखी वाटले, काही तर बुचकळ्यात पडलेले किंवा विचारात गढलेले भासले. गालावरचा ओघळ बघणाऱ्याला सांगतो, हे दुःखच आहे.

बंद खोलीतून बघताना आपण एकटे असतो, हेही अर्धंच खरं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी वेगवेगळ्या वेळी, एकेकट्याने तीच गोष्ट ऐकली, तरी त्यांच्या हृदयाचे ठोके एकाच ठिकाणी जलद आणि एकाच ठिकाणी संथ झाले. लक्ष दुसरीकडे वळवलं की हा मेळ विस्कटायचा. त्या सभेच्या १७,५०० तिकिटांसाठी सुमारे १६ लाख लोकांनी नावं नोंदवली होती, आणि त्या दिवशी एकट्या अमेरिकेत ३ कोटींहून अधिक लोक घरी टीव्हीसमोर बसले होते. इतकी हृदयं एका लहान मुलीच्या दोन वाक्यांशी थबकली असतील, या विचाराने मला आजही भरून येतं.

केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली अशा शोकांबद्दल लिहिलं, ज्यांना समाज मान्यता देत नाही. आपल्याकडे भावकीला दहा दिवसांचं सुतक असतं. जिवलग मित्राला नसतं, मग दूरच्या गायकाच्या चाहत्याला कुठून? सुतक नाही म्हणून रजा नाही, भेटायला कुणी येत नाही, उलट “तुझा कोण लागत होता?” असा सवाल. म्हणून मला ते थेट प्रक्षेपण महत्त्वाचं वाटतं. दोन-अडीच तास का होईना, जगभरच्या लोकांना उघडपणे रडायला जागा मिळाली.

टीव्ही बंद करताना आईने विचारलं, “आता कुणाकडे राहतील रे ती मुलं?”

“आजीकडे,” मी म्हणालो.

सकाळी गवार फोडणीला टाकताना तिने तेच पुन्हा विचारलं. या वेळी आजीचं वयही विचारलं.