कानातलं पाणी, उशिरा येणारे बोल : ग्रॉमेटच्या वादाची पार्श्वभूमी

मधल्या कानात साचलेला द्रव काढण्यासाठी पडद्याला छेद देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासूनची. अडचण एवढीच की छेद काही दिवसांत बुजतो आणि द्रव पुन्हा साचतो. 1954 मध्ये छेदात बसवायची प्लॅस्टिकची बारीक नळी, म्हणजे आजचं ग्रॉमेट, वापरात आली आणि कान महिनोन्‌महिने हवेशीर ठेवणं शक्य झालं. तोवर पेनिसिलिनमुळे कानामागच्या हाडात पू होण्याची भीती ओसरू लागली होती. त्यामुळे लक्ष गेलं ते ठणका थांबल्यावरही मागे राहणाऱ्या, न दुखणाऱ्या पाण्याकडे. या पाण्याने ऐकणं सरासरी 25 डेसिबलने मंदावतं. कानात कापसाचा बोळा घालून ऐकावं तसं.

हे पाणी बोलण्याच्या आड येतं का, हा प्रश्न ऐरणीवर आणला तो 1969 च्या एका छोट्या अभ्यासाने. वारंवार कानदुखी झालेली मुलं भाषेच्या चाचण्यांत मागे दिसली. पुढे असे बरेच अभ्यास झाले, पण त्यांतले अनेक मागे वळून पाहणारे होते. घरची गरिबी, आईचं शिक्षण, कोंदट धुरकट घर यांचा परिणाम कानावरही होतो आणि भाषेवरही. ही गुंतागुंत त्यांतून नीट सुटत नव्हती. शस्त्रक्रिया मात्र थांबल्या नाहीत. 1994 च्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेनेही दोन्ही कानांत चार ते सहा महिने पाणी राहिलं आणि ऐकणं 20 डेसिबल किंवा अधिक घटलं, तर नळी बसवण्याची शिफारस केली.

निकाल लावू पाहणारी मोठी चाचणी त्याआधीच, 1991 मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरात सुरू झाली होती. दोन महिन्यांच्या आतली 6,350 निरोगी बाळं नोंदवून तीन वर्षांपर्यंत त्यांचे कान नियमित तपासले. दोन्ही कानांत सलग 90 दिवस किंवा एका कानात 135 दिवस पाणी राहिलेल्या 429 मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला लगेच नळी. दुसऱ्याने सहा ते नऊ महिने थांबायचं आणि पाणी तरीही टिकलं तरच नळी. तिसऱ्या वर्षापर्यंत पहिल्या गटात 82 टक्के मुलांना नळी बसली होती, दुसऱ्यात 34 टक्के. 2001 मध्ये निष्कर्ष आला : बोलणं, भाषा, आकलन, वागणूक यांत फरक नाही. चौथ्या, सहाव्या आणि शेवटी नऊ ते अकरा वर्षांच्या वयातही तेच. शेवटचा अहवाल 2007 चा.

वाद इथे संपायला हवा होता, तो इथे पेटला. शल्यचिकित्सकांचा आक्षेप असा की दोन्ही कानांत सलग पाणी असलेली मुलं यात थोडीच होती, आणि आधीच विकासात मागे असलेली किंवा टाळू दुभंगलेली मुलं चाचणीत घेतलीच नव्हती. आक्षेप रास्त आहे. पण तो चाचणीच्या अर्थ लावण्यावर आहे, चाचणीवर नाही. चाचणीने विचारलं होतं ते इतकंच : एरवी धडधाकट मुलाने काही महिने थांबल्याने नुकसान होतं का? ‘कानाच्या तक्रारींचा विकासाशी संबंधच नाही’ हे वाक्य तिने कुठेही लिहिलेलं नाही. ते वाचणाऱ्यांनी लिहिलं. उलट टोकाला, घाईने नळ्या बसवणाऱ्यांनी त्याच आक्षेपाची ढाल केली, आणि माझ्या मते हे जास्त महागात पडलं. 2006 मध्ये एकट्या अमेरिकेत 15 वर्षांखालच्या मुलांवर अशा सुमारे 6,67,000 शस्त्रक्रिया झाल्या.

नियम बदलले ते हळूहळू. 2004 च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने धडधाकट मुलांसाठी तीन महिने वाट पाहायला सांगितलं आणि डाउन सिंड्रोम, दुभंगलेली टाळू, आधीचं बहिरेपण किंवा वाचादोष असलेल्यांना वेगळं काढलं. त्यांच्याबाबत लवकर निर्णय घ्यायचा. ब्रिटनने 2008 मध्ये तीन महिन्यांसोबत, दोहोंतल्या बऱ्या कानाचं ऐकणंही 25–30 डेसिबल किंवा अधिक घटलेलं असावं, अशी अटही घातली. रोज थोडं अँटिबायोटिक देत राहण्याची जुनी रीत औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंच्या भीतीने मागे पडली.

वारंवार ठणकणाऱ्या कानाचा प्रश्न याहून वेगळा. तिथे 2021 मध्ये 6 ते 35 महिन्यांच्या 250 मुलांवरच्या चाचणीत नळीवाल्यांना दोन वर्षांत वर्षाकाठी सरासरी 1.48 वेळा संसर्ग झाला, फक्त औषधवाल्यांना 1.56 वेळा. तरी औषधाच्या गटातल्या काहींना पालकांच्या आग्रहाखातर नळी बसवावीच लागली.

आपल्याकडे ओपीडीत येतो तो बहुधा फुटलेला, वाहणारा कान. पडद्याला आधीच भोक असलेल्या अशा कानाबद्दल पिट्सबर्गचे आकडे काहीच सांगत नाहीत. या दुखण्यामागच्या एका मुख्य जंतूवरची न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात 2017 पासून काही राज्यांत आली आणि 2021 मध्ये देशभर पोचली. अमेरिकेत ती 2000 पासूनच मिळत होती.