तलावातले मासे आणि जखमांचा जुना वाद

ठाण्यातल्या एखाद्या तलावात मासे तरंगू लागले की कारण ठरलेलं असतं: निर्माल्य, सांडपाणी, प्राणवायू कमी. बहुतेक वेळा ते खरंही निघतं. पण मरळीच्या अंगावर लाल चट्टे आणि खवले गळून मांसापर्यंत गेलेली जखम दिसली, तर तिथे निर्माल्याला दोष देऊन भागत नाही. मरळ वरची हवा घेऊन जगते, प्राणवायूच्या टंचाईत ती सगळ्यात शेवटी मरते.

माशांतल्या जिवाणूंचा शोध जुना. जर्मनीतल्या ट्राउटमधला गळूचा रोग १८९४ मधला, कॉलम्नॅरिस या दुसऱ्या जिवाणूजन्य रोगाचं वर्णन १९२२ मधलं. आपल्याकडे हाहाकार उडाला तो १९८८ साली. जपानमध्ये १९७१ पासून माहीत असलेला व्रणरोग बांगलादेशातून ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये शिरला, १९९१ मध्ये केरळात पोचला. मरळ आणि खवल्या नावाचे छोटे मासे आधी गेले.

जखमेतून एरोमोनास हा जिवाणू हमखास निघे, म्हणून खापर त्याच्यावर फुटलं. काहींना विषाणू सापडला. अडचण अशी की एरोमोनास धडधाकट माशाच्या आतड्यात आणि साध्या पाण्यातही असतोच. शेवटी १९९४ मध्ये बँकॉकच्या बैठकीत व्याख्या ठरली: ॲफॅनोमायसिस ही बुरशीसदृश वाढ ऊतींत घुसलेली दिसली तरच हा रोग. जिवाणू दुय्यम ठरले. शास्त्र म्हणून निर्णय बरोबर, कारण ही बुरशी टोचल्यावर निरोगी माशांतही तसेच व्रण उठले. पण उघड्या जखमेतून शिरून मासा संपवणारा बऱ्याचदा जिवाणूच असतो, आणि ‘दुय्यम’ म्हटल्यावर त्याच्याकडे फारसं कोणी बघेना, हे माझ्या मते नुकसानच.

बुरशीचे बीजाणू पोहत एका जातीतून दुसरीत जातात. शंभराच्या घरात जाती बळी पडल्याची नोंद आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेली चिलापी मात्र या रोगाला दाद देत नाही. म्हणून एकाच तलावात मरळीला व्रण आणि चिलापी ठणठणीत, तर संशय बुरशीवर. चिलापीही जखमी असेल तर जिवाणू आणि बिघडलेलं पाणी आधी तपासावं. पावसाळ्यानंतर पाणी गार होतं तेव्हा बुरशीचा जोर वाढतो.

पालिकेची माणसं जाळीने मेलेले मासे काढतात, ते सफाईसाठी. तपासणीला तडफडणारा मासा लागतो. फुगून वर आलेल्यात एरोमोनास सापडणारच, मग तो कशानेही मेलेला असो.