पहिली पेटी (आंब्याची)

मोसमातली हापूसची पहिली पेटी घरी आली की ती मुलांच्या हातून उघडायची, आढी लावायची आणि पिकेल तसा आंबा आधी देवापुढे ठेवून मग वाटून खायचा, असा मुंबईतल्या मराठी घरांमधला उन्हाळी रिवाज. याला ठरलेली तिथी नाही, परीक्षा संपल्या आणि भाव जरा उतरला की झालं. पेटी ४ ते ८ डझनांची, पूर्वी लाकडी असायची, आता बहुतेक पुठ्ठ्याचा खोका येतो पण म्हणतात पेटीच.

उगमाबद्दल दोन मतं आहेत. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याचा घडा आणि आंबा दिल्याशिवाय घरात कोणी आंबा तोंडात घालायचा नाही असा नेम बऱ्याच घरांत होता, त्यातूनच हे आलं असं एक मत. पण हापूस मुंबईत मार्चपासूनच दिसायला लागतो, पेटी हा शब्दही बाजारातलाच, आणि तृतीयेपर्यंत थांबणारी घरं आता थोडी, त्यामुळे क्रॉफर्ड मार्केट (१८६९) उभं राहिल्यानंतर कधीतरी शहरातल्या पगारदार घरांमध्ये याला आजचं रूप आलं असावं हे जास्त पटतं. देवापुढे पहिलं फळ ठेवणं मात्र त्याहून बरंच जुनं.

हापूस या नावाचा घोळ वेगळाच. गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याच्यावरून नाव पडलं, अफोन्सोचं आपूस आणि आपूसचं हापूस झालं, हे पोरांनाही पाठ असतं. आता यात अडचण अशी की अल्बुकर्कने गोवा घेतलं १५१० मध्ये, तो वारला १५१५ मध्ये, आणि ज्या जेझुइट पाद्र्यांनी कलमं बांधून ही जात तयार केली असं सांगतात ते गोव्यात आले १५४२ मध्ये, म्हणजे त्याने हा आंबा चाखला असेल असं धरणं कठीण. नाव मागाहून त्याच्या मानाने दिलं असेल किंवा हा अफोन्सो दुसराच कोणी असेल, अफोन्सो हे तिकडे काही दुर्मिळ नाव नव्हतं. दुसरी शक्यता सहज बाजूला सारण्यासारखी नाही. मुंबईपुरतं बोलायचं तर पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्याकडे मुंबई बेट खंडाने होतं आणि त्याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात इथल्या त्याच्या एका आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळ धरतं असा उल्लेख येतो. ते झाड हापूसचं होतं असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१८ मध्ये.

मुलांचं खरं काम आढीत. पलंगाखाली वर्तमानपत्र, त्यावर पेंढा, त्यावर एकमेकांना न चिकटतील असे आंबे, वर परत पेंढा, आणि रोज सकाळी शाळा नसलेल्या पोराने पोटावर सरपटत आत जाऊन कुठला झाला ते बघायचं. "अंगठ्याने दाबू नकोस रे, देठाशी वास घे," हे वाक्य प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच, आमच्याकडे आजी म्हणायची आणि तरी एक-दोन आंब्यांवर अंगठ्याचा खड्डा असायचाच. डागी आधी खायचे, खाण्यापूर्वी तासभर पाण्यात ठेवायचे म्हणजे चीक जातो. कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायू चालतो, पण आढीचा आंबा देठापासून हळूहळू रंग धरतो तो पोरांना बरोबर ओळखता येतो.

कापल्यावर आत पांढरट, पोकळ, आंबूस गर निघाला तर तो साका. बाहेरून काही कळत नाही. झाडाखालच्या तापलेल्या जमिनीची धग आणि कोयीचं आतल्या आत रुजायला लागणं अशी याची कारणं सांगतात, म्हणजे व्यापाऱ्याशी भांडून उपयोग नसतो तरी लोक भांडतात. पहिल्याच आंब्यात साका निघणं ज्या पोराने तो निवडला त्याला फार लागतं, म्हणून शहाणी माणसं देवापुढचा आंबा आधी कापून बघत नाहीत.

बाठा कोणाला यावरून तंटा ठरलेला. नंतर तीच कोय गॅलरीतल्या कुंडीत लावतात, रुजतेही, तांबूस कोवळी पानं येतात, पण कोयीपासून आलेलं झाड हापूस देत नाही, त्याला कलमच लागतं.

गिरणगावातल्या घरांमध्ये हा रिवाज उलटा होता, मे महिन्यात माणसंच गावाला जायची आणि पेटी परतीच्या एसटीच्या टपावरून यायची. घाऊक फळबाजार वाशीला गेल्यापासून दोन-तीन बिऱ्हाडं मिळून पेट्या आणून डझनाने वाटून घेतात. मिरग लागून पाऊस पडला की हापूस बंद, उरलेल्या लाकडी पेटीत पोरांची भातुकली भरली जायची.